घर, शाळा आणि मधला रस्ता

पुण्यात बदली झाली किंवा नवी नोकरी लागली की घरात आधी शोध घेतला जातो तो ऑफिसच्या पत्त्याचा. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, चाकण, तळवडे. जिथे नोकरी तिथल्या आसपास भाड्याचं घर. घर ठरलं की जवळपासची नाव असलेली शाळा, आणि प्रवेश मिळाला की बसची चौकशी. नागपूर, लातूर, नाशिक, इंदूर, हैदराबाद अशा कुठूनही येणारी बहुतेक कुटुंबं याच क्रमाने जातात. हा क्रम मोठ्यांच्या दिवसाला धरून आहे. मुलाचा दिवस त्यात सर्वांत शेवटी येतो. सकाळी सव्वासहाला सोसायटीच्या फाटकाशी उभं राहणं, बसमधली डुलकी, दुपारी उतरेपर्यंत खेळाची वेळ संपलेली असणं, हे सगळं त्या क्रमातूनच ठरून जातं.

पुण्यात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांचे अनुभव, शाळांविषयीचे कायदे आणि शिक्षणावरचं संशोधन असं सगळं समोर ठेवलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. घर आणि शाळा यांची निवड वेगवेगळी करणाऱ्यांची दमछाक होते. मुलाला रोज कापावं लागणारं अंतर आधी ठरवून मग दोन्ही निवडणाऱ्यांचं बरं चालतं. मंडळ, माध्यम, फी, इमारत या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. त्यांची पाळी त्यानंतर यावी.

पण त्याआधी आपण येतो आहोत ते पुणे नेमकं कोणतं, हे समजून घ्यायला हवं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली. ३० जून २०२१ रोजी आणखी २३ आली, त्यात वाघोली, बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, पिसोळी, नांदेड, किरकटवाडी होती. त्या दिवशी महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली आणि क्षेत्रफळात तिने मुंबईलाही मागे टाकलं. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. नदीच्या पलीकडे पिंपरी-चिंचवड ही वेगळी महापालिका. आणि लाखभर लोक रोज जिथे कामाला जातात ती हिंजवडी दोन्ही महापालिकांच्या बाहेर आहे. तिथे ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) अशा तिघांचा कारभार चालतो. घराच्या जाहिरातीत सगळीकडे ‘पुणे’ एवढंच लिहिलेलं असतं. नळाला पाणी कोण देणार, सांडपाण्याची वाहिनी आहे का, पदपथ कोण बांधणार आणि जवळची सरकारी शाळा कोणाच्या ताब्यात आहे, याचं उत्तर मात्र पत्त्यागणिक बदलतं.

यातला सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित क्षमता २९.१५ टीएमसी आहे आणि पुणे शहर मुख्यतः त्यांवर जगतं. पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून पाणी येतं. तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पुरवठा सुरू झाला आणि तो तात्पुरता राहिला नाही. पुण्याच्या पूर्व भागाला २०२१ च्या सुरुवातीपासून भामा आसखेडचं पाणी मिळू लागलं, पण वाघोली, उंड्री, पिसोळी, सूस, बावधन या पट्ट्यांतल्या कित्येक सोसायट्या आजही टँकरवर आहेत. चकचकीत लॉबी पाहून घर घेणाऱ्याला हे कळत नाही, कारण घर दाखवलं जातं तेव्हा नळाला पाणी असतंच. सोसायटीच्या मेंटेनन्सचा एप्रिल-मे महिन्यांचा हिशोब मागावा. त्यात टँकरवर झालेला खर्च लिहिलेला असतो, आणि तो आकडा कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा खरं बोलतो. रखवालदाराला विचारलं तरी चालतं. टँकर किती वाजता येतात हे त्याला पाठ असतं.

पाण्याचा प्रश्न फक्त गैरसोयीचा नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये फार कठोरपणे समोर आलं. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली ताकद जाणं, श्वासासाठी व्हेंटिलेटर लागणं इथपर्यंत काहींची अवस्था गेली. राज्यातल्या संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे पोहोचली आणि त्यांत लहान मुलंही होती. आजाराचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. यांतल्या, महापालिकेत येऊन तीन-चार वर्षं झालेल्या गावांना शुद्धीकरण केंद्रातलं पाणी मिळत नव्हतं. विहिरीचं पाणी क्लोरीन टाकून पुरवलं जात होतं. हद्द बदलली की नळाचं पाणी आपोआप बदलत नाही. मुलांना घेऊन नव्या उपनगरात जाणाऱ्या प्रत्येक आईबापाने हे लक्षात ठेवावं.

पावसाचंही तसंच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रज, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी परिसरात माणसं वाहून गेली, भिंती कोसळल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत खडकवासल्याच्या विसर्गाने सोसायट्यांचे तळमजले बुडाले. नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषा विकास आराखड्यावर आखलेल्या असतात आणि त्या पाहायला मिळतात. घर उन्हाळ्यात ठरवायचं असलं तरी त्या भागात जुलैमध्ये काय होतं, हे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडून समजून घ्यायला अर्धा तास पुरतो.

या सगळ्यात पुण्याच्या जुन्या भागांचं एक बलस्थान दिसतं, ज्याकडे नवीन येणाऱ्यांचं सहज दुर्लक्ष होतं. कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठ, औंध इथे घरं जुनी आहेत, पार्किंगची ओरड आहे, भाडंही कमी नाही. पण शाळा, मैदान, वाचनालय, दवाखाना, शिकवणी हे सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात आहे. निगडीचं प्राधिकरण हे त्याहून वेगळं उदाहरण. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने तिथे सेक्टर आखून बाग, दुकानं, शाळा यांच्यासाठी जागा आधीच राखल्या. ते प्राधिकरण २०२१ मध्ये विलीन झालं, पण आखलेले रस्ते राहिले, आणि निगडीतली दहा वर्षांची मुलं आजही सायकलवरून शाळेत जाऊ शकतात. हडपसरजवळची मगरपट्टा सिटी शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून उभारली, आणि तिथेही शाळा वसाहतीच्या आतच आहे. याउलट बाणेर, वाकड किंवा वाघोलीत इमारती आधी आल्या आणि रस्ते मागून येत राहिले. तिथे चांगल्या शाळा नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पण नकाशावर दोन किलोमीटरवर दिसणाऱ्या शाळेत पोहोचायला सकाळी चाळीस मिनिटं लागू शकतात. म्हणून शाळेचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. शाळा भरण्याच्या वेळेला, कामाच्या दिवशी, एकदा स्वतः जाऊन पाहावं.

मेट्रोमुळे या हिशोबात थोडा फरक पडला आहे. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन तुकडे सुरू झाले. आता एक मार्गिका पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटपर्यंत आणि दुसरी वनाजहून रामवाडीपर्यंत जाते. पहिलीतल्या मुलाला तिचा उपयोग नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना आणि नोकरी करणाऱ्या आईवडिलांना मात्र आहे, आणि म्हणूनच घर शाळेजवळ घेऊन मोठ्यांनी मेट्रोने लांब जाणं हा पर्याय आता पुण्यात खरोखर शक्य झाला आहे. स्कूलबस लागणारच असेल तर २०११ च्या राज्याच्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी आणि मुली असलेल्या बसमध्ये महिला मदतनीस हवी. प्रवेशाच्या वेळी या समितीची शेवटची बैठक कधी झाली, एवढं विचारलं तरी शाळेचं लक्ष कुठे आहे ते कळतं.

आता शाळेकडे. पालक सर्वांत जास्त घाबरतात ते प्रवेशाच्या ‘मुलाखती’ला, आणि कायदा तिथे त्यांच्या बाजूने आहे हे अनेकांना माहीत नसतं. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की शाळेने देणगी घ्यायची नाही आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायची नाही. देणगी घेतल्यास तिच्या दहा पटींपर्यंत, आणि चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार व नंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘फक्त ओळख करून घेतो’ असं म्हणून पाच वर्षांच्या मुलाला फळांची नावं विचारणाऱ्या शाळा तरीही आहेत. पालक गप्प बसतात, कारण त्यांना प्रवेश हवा असतो. ही भीती समजण्यासारखी आहे, पण पहिल्याच भेटीत कायदा बाजूला ठेवणारी शाळा पुढच्या दहा वर्षांत फी, बस, पुस्तकं यांबाबत कशी वागेल, याचा अंदाजही त्याच भेटीत येतो.

दाखल्याचीही अशीच भीती असते. जुन्या शाळेने शाळा सोडल्याचा दाखला अडवला म्हणून मुलाचं वर्ष वाया गेल्याची उदाहरणं सांगितली जातात. याच कायद्याच्या कलम ५ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा मुलाला हक्क आहे, जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा आहे, आणि तो यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळा यातून वगळल्या आहेत. तिथे जागा असली तरच प्रवेश. परराज्यातून येणाऱ्यांनी दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघतानाच घेऊन ठेवावी. पुण्यात आल्यावर त्यासाठी परत जाण्यात रजा आणि पैसे दोन्ही जातात.

कमी उत्पन्नाच्या आणि वंचित गटांतल्या कुटुंबांसाठी याच कायद्यात खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचा मार्ग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. पालक न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. या प्रवेशात घराचं शाळेपासूनचं अंतर निर्णायक असतं आणि भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. म्हणजे जो करार नवीन कुटुंब घाईत, साध्या मुद्रांकावर करून टाकतं, त्यावर मुलाची शाळा अवलंबून असू शकते. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि तिची जबाबदारी घरमालकाची आहे. हे आग्रहाने करून घ्यावं.

फीबद्दल पालकांची समजूत अशी की शाळा म्हणेल ती भरायची. राज्याच्या शुल्क विनियमन कायद्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलत नाही. प्रवेश घेण्याआधी या समितीतल्या एखाद्या पालकाशी बोलायला मिळालं तर सोनंच. आणि त्याहून आधी शाळा अधिकृत आहे का ते पाहावं. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, तीत पुणे जिल्ह्यातली नावं वारंवार येतात, आणि सीबीएसई संलग्नतेसाठीची ना हरकत प्रमाणपत्रंच बनावट निघाल्याची प्रकरणंही पुण्यात उघडकीस आली आहेत. फाटकावरच्या पाटीवर ‘सीबीएसई पॅटर्न’ असं लिहिलेलं दिसलं तर ‘पॅटर्न’ या शब्दापाशी थांबावं; संलग्नता असती तर शाळेने तिचा क्रमांक लिहिला असता.

मंडळाचा वाद जितका होतो तितका त्यात दम नाही. सतत बदलीच्या नोकरीत असलेल्यांना सीबीएसई सोयीची आहे हे खरं. केंद्रीय विद्यालयं १९६३ पासून याच गरजेतून उभी राहिली आणि पुण्यात गणेशखिंड, लोहगाव, लष्कर परिसर अशा ठिकाणी ती आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना तिथे अग्रक्रम मिळतो आणि त्यात गेल्या सात वर्षांतल्या बदल्यांची संख्या धरली जाते. ज्यांचा मुक्काम महाराष्ट्रातच राहणार आहे त्यांनी राज्य मंडळाला दुय्यम समजण्याचं कारण नाही. खरी अडचण वेळापत्रकाची आणि वयाची असते. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यावर, आणि विदर्भात उन्हामुळे आणखी उशिराने. पहिलीसाठी राज्यात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात, केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाचं यात एक वर्ष इकडचं तिकडे होऊ शकतं.

नववी-दहावीत बदल टाळता आला तर टाळावा. सीबीएसईत नववीलाच मंडळाकडे नोंदणी होते आणि थेट दहावीत प्रवेशाला पालकांच्या बदलीसारखं कारण आणि कागदपत्रं लागतात. दहावीनंतर येणं त्या मानाने सोपं आहे; अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाली आहे.

अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाचा इथे उल्लेख करायला हवा. १९९४ ते १९९८ दरम्यान बोस्टन, शिकागो, न्यूयॉर्कसह पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांना सोडतीने निवडून त्यांतल्या काहींना चांगल्या वस्तीत राहायला जाण्यासाठी घरभाड्याची मदत दिली गेली. राज चेट्टी, नॅथॅनिअल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. तेरा वर्षांच्या आत तिथे गेलेल्या मुलांची पुढची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेराच्या पुढे गेलेल्यांना फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. पुण्याची परिस्थिती वेगळी आहे, पण वस्ती मुलाला घडवते आणि किशोरवयात मुळं उपटण्याची किंमत पडते, हे दोन्ही इथल्या पालकांनाही ओळखीचं वाटेल.

दुसरा अभ्यास घराजवळचा. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण भागात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी सोडतीने काही मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला आणि चार वर्षांनी तपासलं. तेलुगू आणि गणितात खासगी व सरकारी शाळांतल्या मुलांत फरक नव्हता. हिंदीत खासगी शाळांतली मुलं बरीच पुढे होती, कारण तिथे ती शिकवली जात होती. खासगी शाळा याच कामासाठी मुलामागे सरकारी शाळांच्या एक तृतीयांशापेक्षा कमी खर्च करत होत्या, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणून ‘खासगी म्हणजे चांगली’ हे गृहीत धरण्याऐवजी ती विशिष्ट शाळा रोज काय करते ते पाहावं लागतं.

ते पाहणं अवघड नाही. मधल्या सुट्टीत जावं. मैदान आहे का आणि मुलं त्यावर खरंच खेळतात का. ग्रंथालयातली पुस्तकं हाताळून मळलेली आहेत की कुलपात कोरी आहेत. स्वच्छतागृहात पाणी आहे का. वर्गात किती मुलं बसतात. कायद्याने पाचवीपर्यंत ३० मुलांमागे आणि सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. शिक्षक या शाळेत किती वर्षं आहेत हा प्रश्न तर विचारायलाच हवा, कारण दरवर्षी निम्मे शिक्षक बदलणाऱ्या शाळेत नव्याने आलेल्या मुलाला ओळखणारं कोणी उरत नाही.

माध्यमाबद्दल पुणे अजूनही वेगळं शहर आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं, हुजूरपागा १८८४ ची; आणि अक्षरनंदनसारखी मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा आजही पालकांना मुद्दाम त्या भागात राहायला यायला भाग पाडते. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून अशी सेमी इंग्रजीची वाटही अनेक शाळांत आहे. लातूर किंवा चंद्रपूरहून येणाऱ्या मराठी माध्यमातल्या मुलाला पुण्यात येताच इंग्रजी शाळेत घालण्याची घाई होते. नवं शहर, नवे मित्र आणि नवी भाषा असे तीन बदल एकाच वर्षी मुलाच्या अंगावर टाकणं क्रूर आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं. परराज्यातून येणाऱ्यांना उलटी अडचण येते. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकणं सक्तीचं झालं आहे. सातवीत आलेल्या तमिळ किंवा बंगाली मुलाला मराठीचं पहिलं वर्ष जड जातं, आणि त्यासाठी शाळा काही वेगळी मदत करते का, हे प्रवेशाआधीच विचारावं.

पहिलं वर्ष भाड्याने राहणं हा अनुभवी कुटुंबांचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर ठरतो. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या भागात काढला, मूल शाळेत रुळलं, की घर विकत घ्यायचं तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मुदत आणि तक्रारी पाहून निर्णय घेता येतो. आधी घर विकत घेतलेलं कुटुंब शाळा चुकली तरी हलू शकत नाही.

आणखी काही कुटुंबं दरवर्षी पुण्यात येतात, ज्यांना यातलं काहीच निवडता येत नाही. वाकड, वाघोली, हडपसरच्या इमारती बांधायला मराठवाड्यातून, बिहार-झारखंडमधून, कर्नाटकातून मजूर येतात; काम संपलं की दुसऱ्या साइटवर जातात आणि मुलांच्या शाळेचा दाखला कुठेतरी मागे राहतो. त्यांच्यासाठीच शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ आहे: शाळाबाह्य मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष शिकवणी. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुण्यात बांधकामांच्या ठिकाणी वर्ग घेते आणि मुलांना जवळच्या पालिका शाळेत पोहोचवण्यासाठी वाहनाची सोय करते. सगळ्या साइटपर्यंत पोहोचणं कोणत्याही एका संस्थेला शक्य नाही. नव्या सोसायटीत राहायला आलेल्या पालकांना शेजारच्या अर्धवट इमारतीत खेळणारी मुलं रोज दिसतात. त्यांची नावं पालिकेच्या शाळेत घातली आहेत का हे ठेकेदाराला विचारता येतं, आणि घातली नसतील तर त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवता येतं.